तांब्याची तार

बाल्कनी साडेतीन बाय सहा.
त्यातले दोन फूट कूलरचे,
फेब्रुवारी संपला की तो पक्का भाडेकरू.
उरलेल्यात वॉशिंग मशीनचा पाइप, इंदूची तुळस
आणि माझी अकरा झाडं.

झाडं अजून म्हणू नयेत खरं तर.
चिंचोके होते ते.
काटोल रोडला स्कूटर पंक्चर झाली त्या दुपारी
पोरगा टायर उतरवेपर्यंत
मी चिंचेखाली वाकून वाकून खिसा भरला.
हातांना रिकामं बसवत नाही.
अडतीस वर्षं गांधीबागेत मोटारींचं वाइंडिंग केलं,
पंप, पंखे, उन्हाळाभर कूलर,
वेढे मोजत, ओठ न हलवता.

चिंचोक्याची एक कड खरबरीत फरशीवर घासायची.
आतलं पांढरं दिसलं की थांबायचं, तिथेच.
मग रात्रभर कोमट पाण्यात.
आपली काळी माती इथं चालत नाही,
पाणी धरून बसते, मुळं कुजवते.
विटेचा चुरा, कन्हानची रेती, मूठभर शेणखत.
नवव्या दिवशी वरचा थर असा उचलला गेला
जसं झोपेत कुणी गुडघ्यानं चादर उचलावी.

पलीकडून हेडाऊबाई, कपडे वाळत घालता घालता,
"काहून जी भाऊ, चिंचा कधी लागन याले?"
म्हटलं, नुसतं खोड दिसायला पंधरा वर्षं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे,
आणि उरलेले चिमटे मोजत आत गेल्या.
मी चौसष्टचा आहे.
बेरीज मलाही येते.

मे महिन्यात पारा शेहेचाळीसला टेकतो
तेव्हा कूलरच्या ओल्या ताटीला खेटून कुंड्या लावतो.
थेंब थेंब त्यांच्यावर पडतं, तेवढंच त्यांचं आभाळ.
बोअरचं पाणी. काठावर पांढरा थर धरतो,
दर रविवारी जुन्या टूथब्रशनं घासतो.

दुकान विकलं तेव्हा सगळं भंगारात गेलं.
एक रीळ ठेवून घेतलं होतं, अठरा गेजचं.
का, ते त्या दिवशी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.
तिसऱ्या वर्षी पहिल्या चिंचेला तार चढवली,
तिरपी, खालून वर,
घट्ट, पण मध्ये कागद सरकेल इतपत सैल.
हात विसरले नव्हते.
खोड वळलं. मी खूश.

मग पावसाळा, मग इंदूच्या डोळ्याचं ऑपरेशन,
ड्रॉप्सच्या वेळा फ्रिजवर चिकटवलेल्या.
दिवाळीला बाल्कनी धुवायला गेलो
तर साल तारेवर चढली होती.
तांबं आत, लाकूड बाहेर.

उलगडायला बसलो. सवयीनं.
किलोचा भाव तोंडपाठ असलेला माणूस मी,
चांगली तार वाया घालवत नाही.
पाचव्या वेढ्याला फांदी गेली.
आगकाडी मोडावी एवढाच आवाज.

कितीतरी वेळ तशीच हातात धरून बसलो.
मग पक्कड आणली.
एकेक वेढा वेगळा तोडला,
झाडाला न हलवता,
तुकडे फरशीवर पडत राहिले, टिण, टिण,
आतून इंदूनं विचारलं,
"काय तोडून राह्यले?"
"तार."
"चांगली?"
"हो. चांगली."
त्यावर ती काही बोलली नाही.
थोड्या वेळानं डस्टपॅन आणून ठेवला दारात.

खोडावर ती खूण अजून आहे,
जिन्यासारखी फिरत वर गेलेली.
भरेल म्हणतात. भरली नाही तरी माझी हरकत नाही.
संध्याकाळी सातला पानं मिटतात,
अकराची अकरा, आधी ठरवल्यासारखी,
बालिश्तभर चिंच झोपते.
मी तिथेच स्टुलावर.
कूलर घरघरतो.
मोटार दुसऱ्या कुणी बांधलेली,
बेअरिंग वाजतंय.
उद्या बघू.