दोन वाजून दहा

रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी वुपरटालच्या सार्वजनिक वाचनालयाला
सात दिवसांपूर्वीचा दिवस विसरायला लावते.

कोण आलं, कुठल्या खुर्चीत बसून
कुठल्या दुखण्याचं नाव शोधलं,
कुणाच्या फोननं दारातूनच आमच्या वायफायला हाक मारली,
सगळं पुसलं जातं.
नियमच तसा आहे. मसुदा माझा होता, तीन ओळींचा;
वकिलांनी त्याची अकरा पानं केली.

शेजारच्या टेबलावर कुबित्सा.
सकाळी कॉफीबरोबर बातम्या मोठ्यानं वाचतो:
मंत्री म्हणतात, लोकांचे निरोप आधी यंत्रानं वाचावेत.
मंत्री म्हणतात, मुलांच्या भल्यासाठी.
मंत्री म्हणतात, ज्याच्या मनात काही नाही
त्याला कसली भीती?
मी म्हणते, कुबित्सा, तुझ्या मनात काही नाही ना,
मग संडासाची कडी का लावतोस?
तो हसतो. तेवीस वर्षं तोच विनोद, तेच हसू.

माझी मतं इथं सगळ्यांना पाठ आहेत.
फुकटचं ॲप म्हणजे वाढलेलं ताट, आणि त्यातला घास आपणच.
भिंतींना कान नव्हते,
ते आपण हप्त्यांवर विकत आणून बसवले.
आमच्याकडे अजून फॅक्स आहे म्हणून बाकीचे हसतात;
मी त्याच्यावरची धूळ झटकते.
तो निदान कागद संपला की गप्प बसतो.

मग नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
पोलिसांकडून डोर्पिंगहाउसबाई आल्या,
छत्री दाराबाहेर ठेवून, पाय पुसून.
कोर्टाचा कागद बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर.
लेविन, वय चौदा, पाठीला निळी सॅक.
नऊ दिवसांपूर्वी शेवटचा दिसला तो आमच्याच दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीपाशी, फोनवर कुणाला तरी काहीतरी लिहीत.
कुणाला?

मी म्हणाले, नाही.
देणार नाही असं नाही. उरलेलंच नाही.
परवाच गेलं.
आणि असतं तरी कुणाला ते कळलं नसतं,
फार तर कुठल्या ॲपवरून, एवढंच.
हे दुसरं वाक्य मी जरा घाईनं बोलले.

बाई ओरडल्या नाहीत.
ओरडल्या असत्या तर माझं उत्तर तयार होतं, कलमासकट.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं,
तुम्हाला मुलं आहेत?
हा प्रश्न अकरा पानांत कुठंच नाही.
मी म्हणाले, एक भाचा आहे.

घरी जाताना रुळाला लटकणारी आमची ती गाडी,
खाली काळी वुपर नदी,
डब्यात दोन निळ्या सॅक, दोन्ही दुसऱ्याच मुलांच्या.
छतात कॅमेरा.
त्याच्याविरुद्ध मी महापालिकेला तीन पत्रं लिहिली आहेत.
त्या रात्री मान वर करून त्याच्याकडे पाहिलं
आणि मनात आलं,
तू तरी पाहिलंस का रे त्याला?

लेविन सापडला. अकराव्या दिवशी, ब्रेमरहाफेनला,
बापाच्या एका जुन्या मित्राकडे.
धुतलेले मोजे संपले म्हणून त्यानंच आईला फोन केला.
कुबित्सा म्हणाला, बघ, शेवटी तुझंच खरं.
मी कॉफी तशीच ठेवली.
मोज्यांमुळे खरं?
आणि एखादा फोन करणारच नाही, त्या दिवशी?

नंतर एकदा मसुदा काढला.
सातच्या जागी चौदा लिहिलं. पाहिलं. खोडलं.
मंत्र्यांना चौदा दिलं तर ते चाळीस मागतील,
हे मत अजून तसंच आहे, त्याला काही झालेलं नाही.

पुसायचं काम यंत्र आपोआप करतं,
मी जागं राहायची गरज नसते.
हल्ली उठते.
दिवा न लावता स्वयंपाकघरात बसते,
फ्रिज घुमत असतो, ओव्हनवरचे हिरवे आकडे.
दोन अकरा झाले
की झोपायला जाते.