दावं

पानेवेझिसच्या दूध संघात, शीतगृहामागच्या खोलीत,
एक यंत्र आहे. दोन प्रोसेसर, सोळा कोअर.
परवाना आठांचाच.
मी डेटाबेसला सांगितलं: शून्य ते सात,
एवढ्यातच चर, पलीकडं तोंड घालायचं नाही.
एका ओळीचं दावं.

आमच्याकडं गाय अशीच बांधतात, उघड्या कुरणात:
लोखंडी खुंटा, साखळी,
आणि चरून साफ केलेलं वर्तुळ.
दुपारी वडील खुंटा उपटून चार पावलं सरकवायचे.
साखळीबाहेर गवत गुडघाभर,
गाय तिकडं बघायचीसुद्धा नाही.
मला वाटायचं, तिला मोजता येतं.

पहाटे चारला टँकर लागतात.
अल्विदास काच खाली करतो,
"एइमान्ते, झोपलं का तुझं यंत्र?"
झोपलेलं नसतं. अर्धं घामाघूम असतं.
आलेखात आठ रेघा छताला टेकलेल्या,
आठ जमिनीलगत सपाट,
आणि वजनाची वाट बघत दूध टाकीत हेलकावतं.

ऑक्टोबरात विल्नियसहून गिंटौटस आला, परवाना तपासायला.
चांगला माणूस. चहात साखर नको म्हणाला, चीज दोनदा घेतलं.
मी दाखवलं: ही ओळ, ह्या नोंदी,
तीन वर्षांत सातच्या पुढं एक पाऊल नाही.
तो म्हणाला, "दावं पक्कं आहे.
पण गाठ कुणी मारली?"
मी.
"मग सोडूही तुम्हीच शकता.
करारात धावलेलं मोजत नाहीत, बाई.
धावू शकेल ते मोजतात."
सोळांची किंमत मोठ्यानं म्हणाला नाही,
कागद फक्त माझ्याकडं फिरवला.

अंगणातल्या वजनकाट्याला शिशाचं सील आहे.
सरकारी माणूस वर्षातून एकदा चिमट्यानं दाबून जातो.
त्यावर सगळ्यांचा विश्वास.
शिसं तर नखानंही वाकतं.

रविवारी यंत्र बंद केलं.
झाकण, पंखा, करडा लेप पुसून
दुसरा प्रोसेसर उचलला.
त्याच्या वाट्याची मेमरीही त्याच्यासोबत गेली,
हे संचालकांना अजून सांगितलेलं नाही.
तळहातावर मावला. कोमट होता.
चीजच्या रिकाम्या डब्यात घालून
खणात ठेवला, पावत्यांखाली.
गिंटौटसला फोटो पाठवला.
उत्तर आलं: आता बरोबर.

ती ओळ मात्र मी पुसली नाही.
शून्य ते सात.
पलीकडं कुरण नाही आता, दावं आहे.

चार वाजले. टँकर लागलेत.
अल्विदास हल्ली काच खाली करत नाही,
इंजिन बंद करून, टोपी डोळ्यांवर ओढून झोपतो.