मूवत्तनाल्कु

मंगळवारची पहिली बस. निपाणी सुटेपर्यंत
शीतल खिडकीकडे बघत नाही,
काचेत मागचं कुणीतरी बसतं म्हणतो.
तवंदीच्या घाटात आई हात जोडते
स्तवनिधीच्या दिशेनं. तिथं पाच अमावास्या झाल्या,
नारळ झाले, गंडा झाला,
मग कुणीतरी म्हणालं, लग्न करून टाका.
एकोणीस वर्षांच्या पोराचं.

बेळगावात, सिव्हिलच्या अकरा नंबरबाहेर
सिस्टर पुकारते, शीतल पाटील,
आणि माझ्याकडे बघते.
मी न्हवं, हा.
दर खेपेला वाटतं, तिची चूक नाही,
बोलवायला मलाच हवं होतं.

डॉक्टर हिरेमठबाई मराठी जपून बोलतात,
काठोकाठ भरलेलं ताक नेल्यासारखं.
विचारलं, आवाज कुठल्या भाषेत येतो?
मला हसूच फुटलं.
आमच्याकडं दुकानाच्या पाटीवरनं डोकी फुटतात,
आता डोक्याच्या आतली पाटी कुठल्या भाषेत, तेही लिहून घ्या.

शीतल म्हणाला, मोजतो तो. कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु.
मूवत्तनाल्कु आलं की थांबतो.
पुढचं म्हणतच नाही. मी रात्रभर वाट बघतो.

बाईंनी पेन ठेवलं.
लहानपणी काही झालं होतं?

न्हाई हो, आई म्हणाली,
तुपाशिवाय घास न्हवता त्याचा.

तूप होतं, खरं आहे.
बाबा गेल्यावर आम्ही पारिसमामाच्या घरी होतो,
तूप मामाचं, ताट मामाचं, तंबाखूची वखार मामाची.
तो हमालांसमोर पोती कानडीत मोजायचा,
मराठीत फक्त शिव्या.
शीतल आठ वर्षांचा. भित्रं हाय पोरगं, म्हणायचा,
भ्या मोडून काढतो.
कडी बाहेरून.
एकदा नव्हे. तो सगळा उन्हाळा.

आतून शिंका यायच्या.
मग खोकला, मग दारावर तळहात,
मग काहीच नाही.
मी तेरा वर्षांची, पायरीवर विड्यांची पानं कापत.
कडी माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर होती.
हात पोचत होता.

हे मी सांगितलं. मोठ्यानं, पहिल्यांदा.
आई बघत राहिली, मी तिच्या ट्रंकेतलं काही
बाजारात मांडल्यासारखी.
माझ्या गळ्यात मामानं लग्नात घातलेली बोरमाळ होती.

आत चौतीस पोती होती, शीतल म्हणाला,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
पस्तिसावं कुठलं ते मला ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, नुसत्या मामानं होत नाही हे,
नुसत्या रक्तानंही नाही.
वर्षाच्या आत आलात, चांगलं केलंत.
गोळी रात्रीची. आणि बोलायला तळमजल्यावर
एक मॅडम, गुरुवारी.
म्हणजे आठवड्याला दोन बस.

गोळीनं तो दहा वाजेपर्यंत झोपतो,
भात दोनदा मागतो, चहाची बशी हातात कापते.
विजारी आवळ झाल्या. शेजारी म्हणतात, अंगानं सुधारला.
मॅडमनी शिकवलंय, आवाजाशी भांडू नको,
त्याला वेळ नेमून दे.
सातला तो जोत्यावर बसतो, अर्धा तास,
पाहुणा यायचाय असा.
कधी कधी कुणीच येत नाही.
मग तो चिडतो, हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

परवा येताना कंडक्टर आला.
आम्हा बायकांचं तिकीट फुकट, शीतलचं लागतं.
कुठं जायचं? शीतल म्हणाला,
मूवत्तैदु.
खणखणीत. पुढच्या सीटवरची बाई वळली.
कंडक्टर म्हणाला, पस्तिसात संकेश्वरपण येत नाही रं बाबा,
नीट सांग.
निपाणी, शीतल म्हणाला, आणि शंभराची नोट दिली,
आणि सुट्टे दोनदा मोजून घेतले.

आईच्या पिशवीत फोन थरथरत होता.
भावाचं नाव तिला वाचायला येत नाही,
पण त्यानं फोटो घालून दिलाय.
हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं.
तिनं पिशवीचं तोंड
मुठीत धरून ठेवलं होतं.