डावा बाण

भंगाराच्या भावात घेतलं हे यंत्र.
दोन नाचपाट, काचेचं एक डोकं,
आणि नाणी गिळणारा घसा,
ज्यात शंभर पेसोंचं एक नाणं अजून आडवं अडकलेलं.
पुन्ता अरेनासचा वारा असा, की
टेम्पोतून उतरवताना चौघांनी यंत्र धरलं
आणि पाचव्याने त्या चौघांना.

समुद्राचं मीठ खातं लोखंडाला, म्हणाले सगळे.
पाट उघडला तर गंज बाहेरून आलेलाच नव्हता.
घाम होता तो. वीस वर्षांचा.
कोण कोण नाचून गेलं, पत्र्याने पिऊन ठेवलेलं.

आधी पडद्याची भीती घालवावी लागते.
वायर काढून आठवडा झाला तरी
नळीच्या पोटात वीज दबा धरून असते.
स्क्रूड्रायव्हरला तार, तारेचं दुसरं टोक सांगाड्याला,
एक हात पाठीमागे (हे मामाने शिकवलेलं),
रबरी टोपीखाली पातं सरकवलं.
टक्.
एवढंच. कुणी नापसंतीने जीभ वाजवावी तसं.

यर्को म्हणतो, सपाट पडदा टाक ना, यास्ना,
करमुक्त बाजारात लाखभर पेसोंत मिळतो.
टाकला असता.
पण नवा पडदा प्रत्येक चित्रावर जरा विचार करतो
आणि मगच दाखवतो.
सेकंदाचे तीन-चार शतांश.
माणसांत एवढा विचार चांगलाच.
इथे त्याने सम हुकते.

गालगुंड झालेले एकोणीस कपॅसिटर काढले, नवे बसवले.
एका चिपच्या आत बॅटरी होती, पेन्सिलीच्या टोकाएवढी,
ती कधीच मेलेली. तिच्याबरोबर
पहिल्या दहांची यादी गेली,
तीन-तीन अक्षरांत लिहिलेली सगळी माणसं.

मग बाण.
एका बाणाखाली चार पट्ट्या, चार कडांना,
दाब ओळखणाऱ्या.
वर, खाली, उजवा: मल्टिमीटर शहाण्यासारखा बोलत होता.
डाव्याखाली मात्र काळी चिकटपट्टी,
थरावर थर, पाच थर,
आणि एका कोपऱ्यात घडी घातलेलं लॉटरीचं तिकीट.
कुणाचा हा आळशीपणा, म्हणत
मी सगळं खरवडलं, स्पिरिटने पुसलं.
चारी बाण सारखे केले. खूश होते.

संध्याकाळी म्हातारा लादिस्लाव आला, दुकान त्याचं होतं तेव्हा.
टोपी हातात धरून चिकटपट्टीच्या त्या गोळ्याकडे बघत राहिला.
"ओखेदाचं काम," म्हणाला.
"दानिलो होता एक, खेकड्यांच्या शीतगृहात.
फोर्कलिफ्ट गेली डाव्या पावलावरून.
गुरुवारी पाळी सुटली की यायचा,
माशांचा वास मारायचा, पोरं लांब सरायची.
त्याचं पाऊल पडायचं, पण मोजलं जायचं नाही.
ओखेदा रात्री पाट उघडायचा. दर महिन्याला एक थर."

आणि दानिलो?

"त्याला वाटायचं पाय सुधारतोय.
डॉक्टरलाही तसंच सांगितलं त्याने."

सुधारला का, हे मी विचारलं.
म्हातारा हसला, की वाऱ्याने डोळे बारीक झाले त्याचे.
"एप्रिलपर्यंत यायचा. मग जहाजावर लागला म्हणे."

तो गेल्यावर मी बूट काढले.
उजव्या पायावर सगळा भार दिला
आणि डाव्याची नुसती करंगळीकडची कड टेकवली बाणावर,
जेवढं वजन कुणी दुखऱ्या पावलावर टाकेल तेवढं.
दिवा लागला नाही.
अजून थोडं. नाही.

दुरुस्त आहे यंत्र. कागदावरचे सगळे आकडे जुळतात.
शनिवारी शाळेची पोरं येणार, उड्या मारणार,
त्यांना फरक पडणार नाही.

लॉटरीचं तिकीट सोळा वर्षांपूर्वीचं. नंबर पुसट.
चिकटपट्टीचं नवं रिळ यर्कोकडे आहे, उद्या परत मागेल.
डाव्या बाणाचे चार स्क्रू
अजून माझ्या खिशात.