हात न टेकता

नवरात्रात गरब्याच्या दुसऱ्याच फेरीत गुडघा बोलला,
म्हणून रावपुऱ्यात झंखनाबेनकडे गेले.
निळी सतरंजी, भिंतीवर सांगाड्याचं चित्र,
खाली स्कूटरांचा कलकलाट.
म्हणाली, काकी, जमिनीवर बसा,
आणि हात न टेकता उठून दाखवा.

बसले. बसायला काय लागतं.
उठताना उजवा हात आपला आपण निघाला जमिनीकडे,
जसा इतकी वर्षं निघत आलाय
कठड्याकडे, ओट्याकडे, कुणाच्या तरी खांद्याकडे.
वीज कंपनीत तीस वर्षं
दुसऱ्यांची रीडिंगं रजिस्टरात उतरवली मी.
माझं हे पहिलंच.
"एकसष्ट ने? वांधो नहि," ती म्हणाली,
"रोज थोडुं थोडुं."

थोडुं थोडुं म्हणजे
दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचं.
लोक म्हणतात बगळा.
बगळा कसला, मी दोरीवरचं धोतर होते वाऱ्यात.
पहिल्या दिवशी ओटा धरला आणि दूध उतू गेलं.
दुसऱ्या दिवशी नुसतंच दूध उतू गेलं.

मग सकाळी दांडिया बाजारातून सूरसागरापर्यंत,
तळ्याला एक फेरी,
फोन घरी चार्जिंगला.
आठवडाभर कंबर चाचपत चालले,
काहीतरी हरवल्यासारखी.
नंतर दिसू लागलं:
पेपरवाला पोरगा घड्या घालताना जांभई आवरतो,
पीटीचे ढमढेरे सर तळ्याला उलटे चालतात
आणि समोरून येणाऱ्यांना पाठीनंच वाट देतात.
विचारलं तर म्हणाले, सवय आहे,
सरळ चाललो तर चुकल्यासारखं वाटतं.

कॅलेंडरवर पूर्वी दुधाचा हिशेब असायचा,
त्याच चौकटींत आता हा.
चाललेः टिंब. नाही चाललेः काहीच नाही.
एका रविवारी लिहिलंय,
"सेव-उसळ. तर्री दोनदा. चांगली होती."
खोडलं नाही.

पण टेकायची सवय एकट्या हाताची नव्हती.
कृपाली फोन करते टोरांटोहून,
मुलगा नाही करत, सूनच करते,
आणि तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच
मी टेकते:
आमच्या वेळी.
आमच्या वेळी नोकरी करून, आमच्या वेळी दोन पोरं,
आमच्या वेळी पाणी तिसऱ्या मजल्यावर.
एका सकाळी दुधावर डोळा होता,
डावा पाय वर,
तोल सांभाळायचा म्हणून तोंड बंद.
ती बोलत राहिली. थांबली.
मी अजून एका पायावर.
मग म्हणाली, मम्मी, महिनाभर मी
रात्रीचं जेवण गाडीत बसून जेवते,
घराच्या खाली, पार्किंगमध्ये.
तिथं कुणी काही मागत नाही.

जिभेवर आलंच होतं.
गिळलं.
विचारलं, गाडीत हीटर असतो ना गं?
ती हसली की रडली, कळलं नाही,
लाइन तशीच आहे त्यांच्याकडे.
दूध त्या दिवशी उतू गेलं नाही.
मी गॅसच पेटवला नव्हता.

उत्तरायण झालं.
तारांवर अजून फाटके पतंग,
फरशीवर मेथीची जुडी पसरून
पानं खुडत बसले होते.
बेल वाजली.
गेले, कडी कोपरानं सरकवली,
दारात इस्त्रीवाला रमणभाई.
तो माझ्या हातांकडे बघून म्हणाला,
काकी, कपडे कुठे ठेवू?

दोन्ही मुठींत मेथी होती.

मागे वळून पाहिलं
त्या फरशीकडे, जिथून मी उठले होते.
आता हे रमणभाईला काय सांगायचं.
कपडे मोजून घेतले. सात.
एक उशीचा अभ्रा कमी होता,
तो उद्या आणतो म्हणाला.