पाच नंबरांची पेटी

वडगावात आमच्या गल्लीच्या बोरला
नवा स्टार्टर बसवला तो मीच,
आयटीआय झालेली गल्लीतली एकटी.
करडी पेटी, आत एक सिमकार्ड.
मिस्ड कॉल दिला की मोटार सुरू,
पुन्हा दिला की बंद.
कंपनीच्या कागदावर ठळक लिहिलेलं:
फक्त पाच नंबर.

घरं अकरा.

कल्लाप्पा तिगडी म्हणाला, वर्गणी भरणाऱ्यांचे घाल.
नामदेव उचगावकर म्हणाला, बोर माझ्या परड्यात आहे.
बिस्मिल्लाबी मुल्ला दारातूनच म्हणाली,
"पहाटे कोण उठतंय ते बघा की आधी."
यावर कुणाला काही सुचलं नाही.

म्हणून पहिला नंबर तिचा.
दुसरा रुद्रव्वा हावळचा,
ती कन्नडातनं भांडते, आम्ही मराठीतनं,
भांडण कुठं अडत नाही.
तिसरा कल्लाप्पाचा. नामदेव त्याच्याच फोनवर भागवणार होता.
चौथा माझा, पेटी रुसली तर.
पाचवा इचलकरंजीचा.

गौराक्काला फोनची बटणं दिसायची नाहीत.
पहाटे साडेपाचला तिची वैजू
सासरहून घंटी द्यायची, आईच्या नळाला पाणी यावं म्हणून.
कोगनोळीच्या नाक्यावर न थांबता
तो कॉल हद्द ओलांडून यायचा
आणि पेटी तिला कळवायची,
मोटार चालू आगिदे.
एवढं कन्नड तिकडे नांदायला जाऊनही
तिच्याजवळ शिल्लक होतं.

मला वाटायचं पेटी म्हणजे रिले, तारा, फ्यूज.
एकदा तिची नोंद वाचायला बसले
तर आत गल्लीच सापडली.

शिमग्यात कल्लाप्पाचं नि नामदेवाचं वाजलं,
गटारावरून की मागाच्या खडखडाटावरून, आता आठवत नाही.
बोलणं तुटलं. मग पाणीही तुटायला हवं होतं.
पण दुपारी तीनला रोज बिस्मिल्लाबीचा कॉल.
दुपारचं पाणी कशाला गं मावशी?
"भांडी राहिल्यात."
भांडी नामदेवाच्या घरची होती.
मग ती आठवडाभर नेसरगीला भावाकडे गेली.
त्या आठवड्यात, तीनच्या ठोक्याला, कल्लाप्पाचा नंबर.
अबोला चालूच.
ते पान मी कुणाला दाखवलं नाही.

गौराक्का माघात गेली.
तिच्या दोन खोल्यांत गोकाकचं एक जोडपं आलं,
नवं, ओल्या रंगाच्या वासाचं.
पोरगा म्हणाला, "ताई, माझा नंबर घाला की,
पाचवा आता कुणाच्या कामाचा?"
बरोबरच होतं त्याचं.
पासवर्ड टाकला. पाचवा निवडला.
पेटीनं विचारलं, पुसायचा? हो किंवा नाही.
तिसरं उत्तर तिच्यात भरलेलंच नाही.
उद्या करू म्हणत झाकण लावलं,
एक स्क्रू लावायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मोटार गुरगुरली.

बिस्मिल्लाबी घागर घेऊन उंबऱ्यात. मी खिडकीत.
आमच्यापैकी कुणी फोन केला नव्हता.
गोकाकच्या पोरीनं नळ सोडला,
बादली भरून आत नेली,
तिला काय ठाऊक, ही घंटी कुणासाठी.

टाकी भरली. वाहू लागली.
पाणी पायरीवरून, रांगोळीवरून,
वैजूची दुसरी घंटी येईना.
चार फोन, चार नंबर, कुणीही थांबवू शकलं असतं.
कल्लाप्पानं खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरला.

रुद्रव्वानं लावला. पेटीला नाही,
इचलकरंजीला.
"वैजू, टाकी भरली गं बाळ. बंद कर."
मराठीत.

बराच वेळ पाणी वाहत राहिलं.
मग थांबलं.

गोकाकच्या पोराला मी सांगितलं,
पेटीत पाचच मावतात, बाबा.
साडेपाचला पाणी येतंय की तुझ्या नळाला.
वर लागलंच तर बिस्मिल्लाबी लवकर उठते,
तिला सांगून ठेव.