पासंग

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली.
मस्जिद बंदर, भाऊचा धक्का, भायखळ्याची भाजीगल्ली.
पिशवीत हातोडी, ठसा, प्रमाणपत्रांचं बुक.
वजनाच्या पोटात शिसं असतं,
त्यात चालू वर्षाचा आकडा ठोकायचा.
शिसं कोरून काढलेलं वजन
मला फरशीवर ठेवल्याच्या आवाजावरून कळे.
पारड्याखालचं मेण, चिंचेचा गोळा, चुंबक,
सगळं पाहिलं. माझ्यासमोर कोणी दांडी मारली नाही.
कोणाचा चहाही घेतला नाही मी.
हे मंडळीत साक्ष देताना सांगायचो,
आणि करुणा, माझी बायको, मागच्या बाकावर
पदराच्या टोकाची घडी घालत बसायची.

फिलिप कसोटेचं माझगावात कोंबडीचं दुकान.
त्याची तागडी मी नाताळच्या आदल्या दिवशी उचलली.
किलोमागे वीस ग्रॅम कमी.
तो म्हणाला, "आजचा दिवस राहू द्या साहेब,
आपण एकाच मंडळीतले."
मी म्हणालो, "म्हणूनच."
काय शोभला होता तो शब्द मला!
दुसऱ्या दिवशी त्याची पोरं जुन्याच कपड्यांत उपासनेला आली.
पहिल्या बाकावरून मी मान वळवून पाहिलं,
आणि पुन्हा गीताच्या ओळीला लागलो.

खात्याच्या प्रयोगशाळेत एक प्रमाण वजन होतं.
काचेखाली, मखमलीच्या खाचेत.
त्याला बोट लावायचं नाही.
बोटाचा घाम लागला तरी ते खोटं होतं.
चिमट्याने उचलायचं, श्वास रोखून.
आमच्या पिशव्यांतली वजनं ठरल्या दिवशी
त्याच्यासमोर उभी राहत, आणि थोडी थोडी कमी भरत.
कोणी काही चोरलेलं नसे.
नुसत्या वापराने झिजत.
ज्या वजनाने मी फिलिपला तोललं
ते त्या मार्चमध्ये नापास झालं.
हे साक्षीत कधी आलं नाही.

परवा नायरमध्ये, छाती उघडायच्या आदल्या रात्री,
झोप येईना, म्हणून हिशेब मांडला.
एका पारड्यात, उद्या विचारलं जाईल ते.
दुसऱ्यात टाकत गेलो:
न घेतलेला चहा. दशांश.
रविवारच्या शाळेतली बावीस वर्षं.
आईचं आजारपण
(करुणाने काढलेलं, मी माझ्या नावे मांडलेलं).
काटा जागचा हलला नाही.
आयुष्यभराची ती सगळी भर
पासंगालाही पुरेना.

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता.
सलाइनचे थेंब मोजता मोजता
मला ते काचेखालचं वजन आठवलं.
ज्याला बोट लावायचं नव्हतं
त्याला आपण हात लावला.
चिमटा नव्हता, खिळे होते.
थुंकी लागली, धूळ, घाम, रक्त,
आणि ते गुंजभरही खोटं झालं नाही.
तेच कोणीतरी माझ्या पारड्यात ठेवलं होतं.

मी निरीक्षक माणूस. लगेच तळ बघायला वाकलो.
म्हटलं, हे माझं नाही.
दुसऱ्याच्या वजनावर पास करणं
कोणत्या नियमात बसतं?
दांडी तोवर सरळ झाली होती.
ठसा पडलेला होता.
तारीख माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची.

आता मी मागच्या बाकावर बसतो, करुणाजवळ.
गेल्या रविवारी प्रभुभोजनाला उठलो
तर रांगेत पुढे फिलिप. गुडघे गेलेत त्याचेही.
त्याच्या कानाशी म्हणालो,
"ते वीस ग्रॅम... माझंच वजन हलकं होतं रे."
तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग खांदे हलायला लागले त्याचे.
"मग वीस नसतील साहेब," तो म्हणाला,
"जास्तच मारले असतील मी."
पाळकांनी आमच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.
आम्ही दोघांनी रिकामे तळहात पुढे केले.
भाकरीचा तुकडा त्याला मोठा मिळाला.